सातव्या डावातला गिब्सन

परवा अमेरिकेहून आलेल्या नातवाने मला बेसबॉलमध्ये हरवले. मैदानात नव्हे, जेवणाच्या टेबलावर! खेळाचे नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन यांनी तो १९६१ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड, त्याच्या त्या मोसमातल्या आकड्यांवरून केलेले. तीन फासे टाकायचे. एकावर १ ते ३ पडले तर फलंदाजाचे कार्ड बघायचे, ४ ते ६ पडले तर पिचरचे, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाचे. उरलेल्या दोन फाशांची बेरीज सांगते काय घडले ते.

आम्ही मांडला होता १९६८ च्या वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सातवा सामना. सेंट लुईसचा पिचर होता बॉब गिब्सन. त्या मोसमात त्याची सरासरी नऊ डावांमागे फक्त १.१२ धावा. ३४ सामन्यांची सुरुवात त्याने केली, त्यांतले २८ शेवटपर्यंत एकट्याने टाकले. १० ऑक्टोबरच्या त्या सामन्यात सहा डाव ०-० होते. सातव्यात दोन गडी बाद झाल्यावर डेट्रॉइटचे दोघे लागोपाठ तळांवर पोचले. मॅनेजर शेनडीन्स्टने गिब्सनलाच ठेवले. पुढच्या फटक्याचा अंदाज कर्ट फ्लडला आला नाही, चेंडू त्याच्या मागे पडला, दोन धावा झाल्या. सेंट लुईस ४-१ ने हरले.

नातवाने नेमक्या त्या क्षणी गिब्सनला काढले आणि सामना जिंकला. "आबा, मॅनेजर चुकलाच होता!"

आयुष्यभर इतिहास शिकवलेला मी, गप्प कसा बसणार? म्हटले, एका खेळाने काय ठरते? त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा मांडू. मांडले. गिब्सनला ठेवून कधी जिंकलो, कधी हरलो. काढूनही तेच.

मग कार्डाकडे नीट पाहिले. त्या मोसमात गिब्सनला डावाच्या मध्ये एकदाही काढलेले नव्हते. जे सहा सामने त्याने पुरे केले नाहीत, त्यांत त्याच्या जागी फलंदाजीला दुसरा पाठवला होता. मग दमलेला गिब्सन कसा असतो, हे त्या आकड्यांतून कळणार कसे? आणि फ्लड तर १९६३ पासून दरवर्षी गोल्ड ग्लव्ह मिळवणारा क्षेत्ररक्षक. त्याची चूक गिब्सनच्या खात्यावर का मांडायची? २००१ साली व्होरोस मॅक्रॅकन यांनी हेच दाखवले: फलंदाजाला चेंडू न लागू देणे, फुकट तळ देणे, होमरन बसणे हे बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असते. मैदानात गेलेला चेंडू झेलला जाईल की पडेल, हे त्या मानाने फार कमी.

म्हणून खेळ खरा की खोटा, हे आपली युक्ती फळली यावरून ठरवू नये. युक्तीची किंमत खेळ वसूल करतो का, ते बघावे. पिचर दमतो का? आज वापरलेला उद्या बाहेर बसतो का? शंभर वेळा मांडले तर बेरीज खऱ्या मोसमाच्या जवळ जाते का?

हे लिहिताना मला माझेच वर्ग आठवले. "अमुक हरला, कारण तो चुकला," असे मी किती वर्षे फळ्यावर लिहिले! निकाल माहीत असलेल्याने दिलेला तो शेरा होता. त्या माणसापुढे त्या घटकेला काय होते, हे मुलांना विचारायला लावायचे राहूनच गेले.

असो. उद्या पुन्हा डाव मांडणार आहोत. या वेळी सेंट लुईस माझ्याकडे आहे, आणि मी गिब्सनला ठेवणार आहे. हरलो तरी.