घरची बिअर उंबऱ्याबाहेर

आज अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची गोष्ट. हा हॉप्स पिकवणारा मुलूख. बिअरला कडवटपणा अन् वास देणारी ‘कॅस्केड’ ही हॉप्सची जात इथंच तयार झाली, १९७२ ला प्रसारित झाली.

तिकडं दारूबंदी १९३३ ला उठली, पण घरी बिअर करायला केंद्राची मोकळीक मिळाली ती १९७८ च्या कायद्यानं. एका माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३८० लिटर. विकायची मात्र नाही. म्हणून हौशी मंडळी बाटल्यांची अदलाबदल करतात. तुझी दोन मला, माझी दोन तुला. चव बघायची, कुठं बिघडलं ते तोंडावर सांगायचं. शिकणं त्यातूनच होतं.

२०१० ला राज्याच्या न्याय खात्यानं कायद्याचा अर्थ लावला, की घरची बिअर घराबाहेर न्यायचीच नाही. राज्याच्या जत्रेतली स्पर्धा त्या वर्षी रद्द झाली. मंडळी गप्प बसली नाहीत. २०११ ला कायदा दुरुस्त करून घेतला.

आपल्या बियाण्याचंही असंच आहे. घरचं बी ठेवायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा, विकायचासुद्धा हक्क २००१ च्या कायद्यात लिहिलाय. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. एवढं प्रत्येकाला माहीत पाहिजे.