थुंकी की बेडका?

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या डोंगरगावातून गिरणीकामाला मुंबई गाठणाऱ्या पिढ्यांची छाती परळच्या दवाखान्यांनी तपासली. त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेत पापानिकोलाउ आणि ट्राऊट यांनी गर्भाशयाच्या कर्करोगाचं पेशींवरून निदान करण्याचं पुस्तक छापलं. पुढे ही तऱ्हा फुप्फुसापर्यंत पोचली.

पण तपासणीच्या काचेवर आलंय काय? बेडक्याच्या नमुन्याला एक सरळ कसोटी लागली: वायुकोशांतल्या भक्षक पेशी दिसायला हव्यात. त्या नसतील तर बेडका खोलातून आलेलाच नाही, ती तोंडातली लाळ.

फुप्फुसातून सुईने काढलेल्या नमुन्याचं प्रकरण अवघड. सीटी स्कॅनवर ठसठशीत गाठ आणि काचेवर फक्त निरोगी श्वासनलिकेच्या पेशी! एक तज्ज्ञ लिहितो ‘सौम्य’, दुसरा म्हणतो ‘अपुरा’, कारण गाठीचा उलगडा झालेलाच नाही. दुसऱ्याचं म्हणणं अधिक प्रामाणिक वाटतं. ‘सौम्य’ वाचून रुग्ण निर्धास्तपणे गावी परतू शकतो.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला १९८८ मध्येच ‘बेथेस्डा’ नावाची, निदान नोंदवण्याची समान परिभाषा मिळाली होती. फुप्फुसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच वर्गांची पद्धत यायला २०२२ उजाडलं. त्यात पहिलाच वर्ग अपुऱ्या नमुन्याचा आहे. मात्र एखादी जरी संशयास्पद पेशी दिसली, तर नमुना कितीही तुटपुंजा असो, त्याला या वर्गात ढकलता येत नाही.