हरणाची शिकार स्वस्तात कोण करत होते?



गेल्या महिन्यात शहरातल्या एका वस्तीत आमचा अभ्यासवर्ग होता. विषय पंचशील. पहिल्या शीलावर चर्चा चालू असताना बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "ताई, हे बघा. अमेरिकेतली पोरं कमी पैशांत हरणाच्या शिकारीला सुरुवात कशी करायची ते शिकवतात. जुनी बंदूक, लायसन, जाड जॅकेट, झालं. आपल्याकडं किती खर्च येईल?" सगळे हसले, मीही हसले. तेवढ्यात मागून दुसरा म्हणाला, "आपल्याकडं तो धंदा पारध्यांचा. ती हिंसक माणसं, त्यांना कसलं पंचशील?" या वेळी मला हसू आले नाही. आपल्याच वस्तीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हे बोलले गेले, म्हणून हा लेख.

पहिल्या मुलाचे उत्तर आधी देऊन टाकते. आपल्याकडे काळवीट किंवा चिंकारा मारण्याचा खर्च तीन ते सात वर्षे तुरुंगवास, शिवाय दंड. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. चितळ-सांबराची शिकारही गुन्हाच. अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे हरणे भरपूर आहेत, परवाना सामान्य माणसाला परवडतो आणि 1937 च्या एका कायद्याने बंदूक-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. ते तिकडचे. आपल्याकडे हा प्रश्न इतिहासाला विचारला पाहिजे: महाराष्ट्रात हरणाची शिकार कमी खर्चात कोण करत होते, भरमसाट खर्चात कोण करत होते आणि गुन्हेगार कोण ठरले?

कमी खर्चाची शिकार फासेपारध्यांची. नावातच हत्यार आहे. एक लांब दोरी, तिला थोड्या थोड्या अंतरावर आतड्याच्या तातीचे फास आणि दोरी जमिनीला धरून ठेवायला खुंट्या. कळपाची जायची-यायची वाट हेरून फास मांडायचे आणि दोघा-तिघांनी लांबून वळसा घालून कळप सावकाश त्या दिशेला हाकायचा. घाई केली की हरणे उधळतात. काही जण शिकवलेली गाय किंवा बैल बाळगत. जनावर चरत चरत पुढे सरकते आणि माणूस त्याच्या आडोशाने चालतो. गुराला हरीण बुजत नाही. तित्तर-लाव्यांसाठी हेच तंत्र, फास तेवढे बारीक. यात बंदूक नाही, दारू नाही, आवाज नाही. भांडवल म्हणजे कळपाची, वाऱ्याची आणि गवताची माहिती, जी बापाकडून लेकाला मिळायची. आजच्या भाषेत याला कौशल्य म्हणतात आणि त्याचे प्रमाणपत्र देतात.

आता महागडी शिकार पाहू. बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर कल्याणीचा, म्हणजे आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणचा. त्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मृगया कुठे येते? राजाच्या विनोदांमध्ये. विनोद म्हणजे करमणूक. ही वर्गवारी राजाने स्वतःच केली आहे, आपण केलेली नाही. पुढे मोगलांनी हरणामागे चित्ते सोडण्याचा शौक कळसाला नेला. अकबराच्या एका चित्त्याने दरीवरून झेप घेऊन हरीण धरले, तर त्याला चित्त्यांचा सरदार करून त्याच्यापुढे नगारा वाजवायचा हुकूम झाला. पण चित्ता पाळण्यात एक अडचण होती. पिंजऱ्यात त्याची पैदास होत नसे आणि बछडे धरून आणले तर त्यांना शिकार येत नसे, ती आईकडूनच शिकावी लागते. म्हणून रानातला मोठा चित्ता जिवंत धरावा लागे. हे काम करणाऱ्यांत पारधी होते. चिता पारधी हे नाव आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. नगारा मात्र चित्त्यापुढेच वाजला.

मनुस्मृतीत या भेदाची अख्खी व्यवस्थाच आहे. सातव्या अध्यायात मृगया हे राजाचे व्यसन सांगितले आहे. टाळावे असा सल्ला आहे, पण ते केल्याने राजाची जात जात नाही. दहाव्या अध्यायात मेद, आंध्र, चुंचू, मद्गू यांना रानातली जनावरे मारणे हे जन्माचे काम लावून दिले आहे. आणि पाचव्या अध्यायात चांडाळाने मारून आणलेल्या जनावराचे मांस शुद्ध म्हटले आहे! मांस चालते, मांस आणणारा हात चालत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरे ओढली आणि ते मांस खाल्ले म्हणून आपण अस्पृश्य. पारध्यांनी जिवंत जनावर धरून खाल्ले म्हणून ते रानटी. हौसेसाठी मारून शिंगे दिवाणखान्यात टांगणाऱ्याला मात्र आजही 'शिकारीचा शौकीन घराणा' म्हणतात.

इथे आपल्या माणसाबद्दलही खरे बोलले पाहिजे. राजर्षी शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी होते आणि कोल्हापूर दरबारात चित्ते पाळले जात. ते झाकण्याचे कारण नाही. पण फासेपारध्यांना पोलिसांनी पिटाळायचे दिवस असताना याच राजाने त्यांना जवळ बोलावले, राबायला काम दिले, पहाऱ्यावर नेमले. 1918 साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली. शिकारी राजे पुष्कळ झाले. रानातल्या माणसाकडे बघणारा एवढाच आठवतो.

इंग्रजांनी जुन्या भेदाला कायद्याची इस्त्री केली. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा, 1878 साली वन कायदा आणि त्याच वर्षी शस्त्र कायदा. तिन्ही एकत्र वाचा. पहिल्याने फिरणाऱ्या माणसाला जन्मतः गुन्हेगार केले, दुसऱ्याने रान सरकारचे केले, तिसऱ्याने बंदूक परवानेवाल्याच्या हातात दिली. 1911 च्या दुरुस्तीनंतर पहिला कायदा मुंबई इलाख्यातही लागू करता आला. सोलापूर, विजापूर, हुबळी इथे तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. या इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या नोंदीत एक नाव होते 'हरणशिकारी'. बघा, धंद्याचे नाव हाच गुन्हा! त्याच काळात साहेब तंबू, खानसामे, हाकेकरी घेऊन शिकारीला निघत आणि परत जाऊन पुस्तके लिहीत.

अशाच एका शिकारी साहेबाची सही आपल्या जिल्ह्यात आहे. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या दरीत आला आणि त्याला लेणे दिसले. दहाव्या लेण्यात त्याने चित्रावर आपले नाव आणि तारीख खरवडून ठेवली. लेणे 'सापडले' म्हणून त्याचा गौरव होतो. परिसरातल्या लोकांना ते हरवलेले नव्हतेच, हा मुद्दा पुन्हा कधीतरी.

त्याच अजिंठ्यात सतराव्या लेण्यात निग्रोधमृग जातक रंगवलेले आहे. गोष्ट थोडक्यात अशी. वाराणसीच्या राजाला रोज हरणाचे मांस लागे. हरणांनी पाळी लावून घेतली, रोज एकाने मरायला जायचे. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर आली. तिच्या कळपाचा राजा ऐकेना, तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध, म्हणजे बोधिसत्त्व, तिच्या जागी स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवून पडला. राजा वरमला आणि त्याने आधी हरणांना आणि मग सगळ्याच प्राण्यांना अभय दिले. बहुतेक जण इथेच थांबतात. गोष्ट पुढे आहे. अभय मिळालेली हरणे शेतात शिरून पीक खाऊ लागली, लोक राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, पण राजाने शब्द मोडला नाही. शेवटी निग्रोधाने आपल्या कळपाला पिकात जायला मनाई केली आणि शेतकऱ्यांनी शेताच्या कडेला पानांची खूण बांधायची असे ठरले. म्हणजे अभय दिल्यावर पोटाचा प्रश्न उरतो, हे त्या जुन्या भिक्खूंना ठाऊक होते. वैजापूर-येवला पट्ट्यात पेरणीनंतर काळविटांचे कळप शेतात उतरतात. तिथल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सम्राट अशोकाने राजांच्या शिकारीच्या सहली बंद करून धम्मयात्रा सुरू केल्या. ते सांगणाऱ्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली आपल्या सोपाऱ्यात मिळाला. शौकाची शिकार सोडणे ही सुरुवात राजाने स्वतःपासून केली, हे महत्त्वाचे. तोच अशोक तेराव्या लेखात रानातल्या जमातींना मात्र आपल्या सामर्थ्याची आठवण करून देतो. वाचताना हे खटकते, आणि खटकले पाहिजे.

आता त्या दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. पारधी हिंसक, मग त्यांना पहिले शील कसे लागू? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा निकाल लावला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नाही आणि मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत बुद्धाने फरक केला, अशी त्यांची मांडणी आहे. ही फूटपट्टी वर सांगितलेल्या इतिहासाला लावा. सोमेश्वराचा विनोद, अकबराचा नगारा, साहेबाची शिंगे, ही सगळी मारण्याची इच्छा. पालातल्या पोरांसाठी मांडलेला फास ही गरज. आपल्या देशात इच्छेला परवाना मिळाला आणि गरजेला तारेचे कुंपण.

आणि गरज भागवतानाही संयम होता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीचा अभ्यास केला. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत, अशी नोंद गाडगीळांनी केली आहे. निग्रोधाने जिच्यासाठी मान ठेवली तीच ही हरीण. मात्र या अभ्यासातून काढलेला दुसरा निष्कर्ष मला मान्य नाही. एका जातीने हरीण धरायचे, दुसरीने घोरपड, तिसरीने मुंगूस, म्हणून जातिव्यवस्था ही निसर्गाशी जुळवून घेण्याची सोय होती, असे म्हणणे म्हणजे बाबासाहेबांनी 1936 सालीच खोडलेल्या युक्तिवादाला हिरवा रंग देणे आहे. ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. पारध्याने हरीण सोडले याचे श्रेय पारध्याला द्या, जातीला देऊ नका.

31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, म्हणजे पाटी बदलली. 1972 च्या कायद्याने शिकार बंद केली. तो कायदा हवा होता, मी त्याच्या बाजूची आहे. हरणे वाचली नसती तर आज वाद घालायलाही उरली नसती. पण 1979 साली सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोकसाठी अभयारण्य झाले, 1980 साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी सव्वादोन चौरस किलोमीटर जागा राखली गेली, आणि त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसासाठी कोणत्या तालुक्यात किती जागा राखली? कळपांची माहिती ज्यांच्या डोक्यात होती त्यांना वनमजूर, वाटाडे, रक्षक म्हणून आधी घ्यायला हवे होते. त्याऐवजी संशयित म्हणून आधी त्यांनाच उचलले गेले. 2018 साली काळवीट प्रकरणात जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याने अपील केले आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. जामीन हा आरोपीचा हक्कच आहे. पालावरच्या माणसाला तो दोन दिवसांत मिळतो का, एवढेच विचारते.

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांना एकाच रांगेत ठेवले आहे. त्याआधी 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते आणि त्या समितीपुढे अस्पृश्य व आदिवासी दोघांचेही प्रश्न होते. मराठवाड्यात गायरानावर आपली माणसे कसतात आणि त्याच गायरानाच्या कडेला पारध्यांची पाले पडतात. 1978 ते 1990 या काळातली अनुसूचित जाती-जमातींची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा 1991 चा शासन निर्णय दोघांसाठी आहे. 2007 साली लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर भटक्या-विमुक्तांनी मोठ्या संख्येने धम्म स्वीकारला. तरी पारधी गावात दिसले की आपल्याही वस्तीत दारे लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढच्या रविवारी त्या दोन्ही मुलांना घेऊन मी एका पालावर गेले. बंदुकीचा खर्च विचारणाऱ्याने तिथल्या म्हाताऱ्या बाबांना फास दाखवायला सांगितले. बाबा म्हणाले, "ठेवला असता तर दावला असता, पोरा. पोलिसांनी नेला त्याला तीस वर्सं झाली. गायबी इकली." मग त्यांनी गवताची काडी घेऊन जमिनीवर कळपाची वाट काढून दाखवली, वारा कुठून, माणूस कुठे, खुंट्या कुठे.

दुसरा मुलगा गप्प होता. बाबांच्या नातीला जातीचा दाखला हवा आहे आणि त्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. पालात राहणाऱ्या माणसाकडे कुठला आलाय सातबारा? आजोबांच्या नावाचा एक कागद असू शकतो, तो जुन्या पोलीस हजेरीच्या दप्तरात. तो मिळवण्यासाठी अर्ज करायचा आहे. अर्जाचा कच्चा मसुदा त्या मुलानेच घरी नेला आहे, येत्या गुरुवारी तो घेऊन येणार आहे.