फिल्म की डिजिटल मॅमोग्राफी : नेमका फरक काय, आणि बीडमधल्या महिलांसाठी महत्त्वाचं काय?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा कमी मात्रेचा एक्स-रे. गाठ हाताला लागण्याआधीच ती दिसावी, हा तिचा उद्देश. पूर्वी ही तपासणी फिल्मवर व्हायची, आता बहुतेक ठिकाणी डिजिटल यंत्रं आली आहेत. पण नवीन यंत्र प्रत्येकीसाठी जास्त अचूक असतं का?

दोन्हींत फरक काय?

दोन्ही पद्धतींत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून एक्स-रे काढतात. फरक आहे तो प्रतिमा टिपण्यात.

- फिल्म : प्रतिमा फिल्मवर उमटते आणि रसायनांत धुवावी लागते. ती फिकी किंवा गडद आली, तर पुन्हा एक्स-रे काढावा लागू शकतो.
- डिजिटल : प्रतिमा थेट संगणकावर येते. ती मोठी करून, उजेड कमी-जास्त करून पाहता येते आणि दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे लगेच पाठवता येते.

अचूक कोणती?

अमेरिका आणि कॅनडातल्या 'डीमिस्ट' या अभ्यासात ४९,५२८ महिलांची नोंदणी झाली. प्रत्येकीची तपासणी दोन्ही पद्धतींनी करण्यात आली. २००५ मध्ये निष्कर्ष आले : सर्व महिलांचा एकत्रित विचार केला, तर दोन्हींची अचूकता जवळपास सारखीच. मात्र ५० वर्षांखालील, पाळी सुरू असलेल्या किंवा नुकतीच थांबत आलेल्या आणि दाट स्तन असलेल्या महिलांमध्ये डिजिटल सरस ठरली.

कारण सोपं आहे. एक्स-रेमध्ये दाट ऊतीही पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. डिजिटलमध्ये छटा बदलून पाहता येत असल्याने ती वेगळी ओळखणं सोपं जातं. भारतात स्तनांचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात आढळतो, म्हणून हा मुद्दा इथे महत्त्वाचा.

मग मॅमोग्राफी सगळ्यांचीच का होत नाही?

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटातील महिलांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी हाताने करतात. संशय आला तर पुढच्या तपासण्यांसाठी पाठवलं जातं.

या पद्धतीला मुंबईतला आधार आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हाताने केलेल्या तपासणीमुळे कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि ५० वर्षांवरील महिलांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. ५० वर्षांखालील महिलांमध्ये मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही.

बीडची अडचण वेगळी

बीडमधल्या हजारो महिला दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. डिसेंबरमधलं शिबिर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कोयता हाती घेऊन निघण्याच्या तोंडावर तपासणी झाली, तर पुढची सोनोग्राफी आणि बायोप्सी राहून जाते. तपासणी उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात झाली, तर पाठपुराव्याला वेळ मिळतो. डिजिटल प्रतिमा तालुक्यातून तज्ज्ञाकडे पाठवता येते, पण अहवालानंतरचे उपचार मिळाले तरच तिचा उपयोग.

हे लक्षात ठेवा

- स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचा आत ओढली जाणं, स्तनाग्रातून रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तर शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.
- हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी 'नॉर्मल' आली तरी पुढची तपासणी सोडू नका.
- प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते.
- जुने एक्स-रे आणि अहवाल जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेसाठी ते लागतात.