देवांची शस्त्रे आणि गंजिफाचा डाव

श्रोतेहो, शहागडला गोदावरी ओलांडली की दक्षिणेची वाट बीडवरून तुळजापूरला जाते. त्या वाटेवरच्या कुणालाही विचारा, भवानी तलवारीची कथा त्याला पाठ असते. देवीने महाराजांना तलवार दिली, ही लोकांची श्रद्धा. परशुरामाचा परशु, रामाचा बाण, कृष्णाचे सुदर्शन हीही आपण कीर्तनात ऐकतो, देवळात पाहतो. पण हीच शस्त्रे महाराष्ट्रात लोक हातात धरून खेळत असत, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या खेळाचे नाव गंजिफा.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. नाव इराणकडचे. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत त्याने सिंधकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. त्या रंगांत ताज, नाणी, गुलाम आणि शमशेर, म्हणजे तलवार. ही सगळी दरबारातली चिन्हे. शमशेर होती, पण ती कुणा देवाची नव्हती, शिपायाची होती.

आपल्याकडच्या चिताऱ्यांनी तो खेळ घेतला आणि त्यात दशावतार बसवले. रंग झाले दहा, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२०. राजाच्या पानावर तो अवतार, त्याखाली प्रधान, आणि मग एक ते दहा खुणांची पाने. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव. परशुरामाची परशु. रामाची कुठे बाण, तर कुठे वानर. कृष्णाची कुठे चक्र, कुठे गाय. कल्कीची कुठे तलवार, कुठे घोडा. गावोगावच्या चालीप्रमाणे खुणा बदलतात.

आता खरी गंमत ऐका. पुराणात परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. त्या परशुपुढे कोण टिकणार? पण डावात परशुने बाण कापता येत नाही! दुसऱ्या रंगाचे पान टाकले तर ते नुसते वाया जाते. इथे हुकमाचा रंगच नाही, दहाही रंग बरोबरीचे. शिवाय पाच रंगांत दहा खुणांचे पान मोठे आणि एका खुणेचे लहान. उरलेल्या पाचांत नेमके उलट, दहा परशुंपेक्षा एक मोठा ठरावा, असा प्रकार. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती राम त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णवाल्याची. तिघे खेळणारे, प्रत्येकाला चाळीस पाने. कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवील तो जिंकतो. म्हणजे अमोघ शस्त्र खेळात आणताना आपल्या लोकांनी त्याला मर्यादा घातली. बळ शस्त्रात नाही. ते नियमात आणि खेळणाऱ्याच्या स्मरणात आहे.

जगात इतरत्रही हेच दिसते. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एका वीराची भूमिका घ्यायची आणि फासे टाकायचे. तिथेही जादूच्या तलवारीचे बळ आकड्याने बांधलेले असते. कथेतले शस्त्र सर्वशक्तिमान चालते. खेळातले चालत नाही, नाहीतर डावच उरत नाही.

आपल्याकडे सावंतवाडीने ही कला जपली. चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, दगडाने घोटणे, लाखेचा लेप, असे ते काम. विसाव्या शतकात ते जवळजवळ थांबले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी जुन्या चिताऱ्याकडून ते पुन्हा शिकवून घेतले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण मंडळी, पाने वाचली म्हणजे खेळ वाचला असे नाही. आज सुंदर डबी भेट म्हणून दिली जाते, कपाटात शोभते. ती उघडून तीन माणसे डाव मांडून बसलीत, असे क्वचितच दिसते. नियम विसरले की परशु पुन्हा नुसते चित्र होतो.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक करून पाहा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची गोल पाने कापा. आरंभाला पाचच रंग घ्या, म्हणजे साठ पाने. तीन मुलांना वीस-वीस. चित्रे मुलांनीच काढावीत. एक-दोन रंगांत उलटा क्रम ठेवा. मुले अवतारांची नावे शिकतील, पाने मोजतील, पडलेले पान ध्यानात ठेवतील. आणि एखादा पोर विचारीलच, “गुरुजी, परशुने बाण का नाही तुटत?” त्याला उत्तर लगेच देऊ नका. आणखी एक डाव खेळू द्या. त्याचे तोच सांगेल.