पोथीलेखक आणि हरिताल

जुन्या कागदी पोथ्या हाताळणाऱ्यांस त्यांतील पिवळ्या पट्ट्या अपरिचित नाहींत. अक्षर चुकलें म्हणजे लेखक त्यावर हरितालाचा लेप देई व तो वाळल्यावर त्याजवरच शुद्ध अक्षर लिही. 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार याच कृतीचा अवशेष होय. नेपाळांत तर सबंध कागदच हरितालानें पिवळा करीत. कसर लागूं नये हा त्यांतील एक हेतु. हरिताल हें आर्सेनिक व गंधक यांचें संयुग, अर्थात् विष. तें घोटून लावणाऱ्यास हें ठाऊक होतें काय?

शास्त्रास ठाऊक होतें. रसरत्नसमुच्चयांत हरितालाचे पत्र व पिंड असे दोन भेद सांगितले असून, अशुद्ध हरिताल आयुष्याचा नाश करतें म्हणून कोहळ्याच्या रसांत वगैरे दोलायंत्रानें त्याचें शोधन करावें, असें विधान आहे. परंतु वैद्याच्या खलांत जें विष, तेंच दौतीशेजारीं नुसता रंग ठरलें.

पोथीच्या अखेरीस लेखक आपलें गाऱ्हाणें घालतो, तें वाचकांच्या परिचयाचें आहे. पाठ, कंबर, मान मोडली, दृष्टि खिळली. आतां तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथीस जपा, मूर्खाच्या हातीं देऊं नका! देहाची व ग्रंथाची एवढी भयें मोजणारा हा मनुष्य हरितालाविषयीं मुका आहे. मान दुखते ती त्याच दिवशीं. हरितालाची बाधा वर्षांनीं प्रकट झाली तर तिचा संबंध लेखनाशीं जोडणार कोण? इटलींतील चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानें मात्र इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत, हरिताल विषारी असून तें तोंडास लागूं देऊं नये, अशी ताकीद दिली आहे. तो स्वतः रंग घोटणारा होता. आपल्याकडे शोधन जाणणारा वैद्य निराळा व घोटणारा निराळा.

उष्ट्या हातानें पोथीस शिवूं नये, हा नियम आपल्याकडे होता. त्यानें कांहीं रक्षण झालें असेल. परंतु तो शुचितेसाठीं होता, विषासाठीं नव्हे. हेतु विसरला कीं नियमही गेला. प्रस्तुत लेखकानें स्वतः चाळीस वर्षें बोट जिभेस लावूनच चिकटलेलीं पानें सोडविलीं. वडीलधाऱ्यांनीं हटकलें तें सोवळ्याचें बंड म्हणून मनावर घेतलें नाहीं.

दुसरी आपली संवय पोथ्यांस ऊन दाखविण्याची. वाळवी व ओल यांचें भय डोळ्यांस दिसतें, म्हणून आपण तें मोठें मानतों. प्रकाशानें हरितालाचें अंशतः आर्सेनिकच्या ऑक्साइडांत रूपांतर होतें, व तें मूळ हरितालाहून अधिक घातक असतें, हें दिसत नाहीं. अशीं पानें सावलींत उघडावीं, धूळ फुंकूं नये व नंतर हात धुवावे, इतकें पुरे.

आपल्या याद्यांत पत्रें, पंक्ति, लिपि, शक यांचे रकाने असतात; हरितालाचा नसतो. मीं यंदा आपल्या यादींत तो घातला. ज्यांच्या संग्रहीं हरिताल घोटण्याची कृति देणारें एखादें जुनें टिपण असेल, त्यांनीं त्यांत सावधगिरीचा एखादा शब्द आहे कीं काय, तें अवश्य कळवावें.