उटण्याने न गेलेला काळेपणा

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलांना तेल-उटणे लावायचे काम गल्लीतल्या बहुतेक घरांत आजीकडे असे. आमच्याकडे ते आई करायची. आजी न्हाणीपासून लांब, पाणी तापवायच्या चुलीपुढे जाळ घालत बसायची. तिने मुलांच्या अंगाला हात लावू नये असा दंडक होता. तो कोणी बोलून दाखवलेला नव्हता, तरी सगळे पाळत होते. तिचे दोन्ही हात पंज्याच्या मागच्या बाजूने जवळजवळ कोपरापर्यंत काळे पडलेले होते. कातडी जाड, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी भेगाळलेली, कडेला पापुद्रे सुटलेले. गळ्याभोवती तसाच पट्टा. पावलांवरही तेच. चोळी-लुगड्याच्या आडची कातडी मात्र स्वच्छ होती. जणू कोणी उघड्या भागावरच काजळी फासली होती.

हे १९७७-७८च्या सुमाराचे. गाव मराठवाड्यातले, कोरडवाहू, ज्वारीचे. कोणी म्हणे हा महारोगाचा प्रकार, कोणी म्हणे रक्त नासले, कोणी थेट मागच्या जन्मात शिरे. आजीचे ताट-तांब्या वेगळे होते आणि ते तीच घासायची. उन्हाळ्यात हात जास्त काळे पडत, त्याच दिवसांत पोटही बिघडे. पुढे पुढे तिला रात्र रात्र झोप येत नसे. ती विसरू लागली, उगाच चिडू लागली. मग ‘म्हातारीचं डोकं फिरलं’ हेही त्यात जमा झाले. त्वचेचा, पोटाचा आणि डोक्याचा संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही. यायचे कारणही नव्हते.

मी डॉक्टर नाही. शिक्षण बारावीपर्यंत, पोटासाठी बी-बियाण्यांचे दुकान, आणि जुने कागद वाचायचा नाद. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोरडवाहू शेतीच्या इतिहासासाठी ज्वारीवरचे जुने लेख जमवत होतो. एका लेखात एका रुग्णाच्या हातांचे काळे-पांढरे छायाचित्र होते. ते हात मी ओळखले. खाली शब्द होता पेलाग्रा. मराठी परिभाषेत त्याला ‘वल्कचर्म’ म्हणतात, म्हणजे झाडाच्या सालीसारखी कातडी. हा शब्द ज्याने घडवला त्याने असे हात पाहिलेले असणार.

तेव्हापासून मी त्वचेबद्दल जे जे मिळेल ते वाचतो. आपल्याकडे या विषयावर लिहिलेले कमी नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अध्यायच आहे. रोज अभ्यंग करावा, डोके, कान आणि तळपाय यांना तेल विशेष लावावे असे तो सांगतो, आणि अभ्यंगाच्या फळांत चांगली त्वचाही मोजतो. उटणे चोळण्याने त्वचा प्रसन्न होते असेही त्याचे म्हणणे. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ‘मानसोल्लासा’त ‘स्नानभोग’ नावाचे प्रकरण लिहितो. सुगंधी तेले, अंग रगडणे, तेल उतरवणारे उटणे, ऊन पाणी, सगळे तपशिलाने. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्याकडून एसटीने अर्ध्या दिवसाचे. त्याच ग्रंथाच्या त्याच भागात ‘अन्नभोग’ही आहे, आणि त्यात मांस, मासे, कडधान्ये, दूध-दही यांची रेलचेल आहे. आपले अभ्यासक दोन्ही प्रकरणांवर भरभरून लिहितात, पण वेगवेगळे. राजाची कांती उटण्याची होती की ताटाची, हा प्रश्न कोणी विचारलेला मला आढळला नाही. ज्याचे ताट भरलेले आहे त्याला तो पडतच नाही म्हणा.

तो प्रश्न पडला रिकाम्या ताटांपुढे, आणि तोही फार लांब. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली गरीब शेतकऱ्यांमधला एक रोग नोंदवला. हातापायांवर लाल, मग काळसर खरखरीत चट्टे, आणि गळ्याभोवती माळेसारखा पट्टा. लोक त्याला ‘गुलाबी दुखणे’ म्हणत. वैद्यकाच्या पुस्तकांत तो पट्टा आजही ‘कासालची माळ’ म्हणून ओळखला जातो. हे वाचले तेव्हा आजीच्या गळ्यातली ती माळ डोळ्यांपुढे आली. १७७१ साली इटलीत फ्रापोली याने ‘पेलाग्रा’ हे नाव छापले. तेही शेतकऱ्यांच्याच बोलीतले, अर्थ खरखरीत कातडी.

दोन्हीकडचे रोगी मका खाऊन जगणारे होते. मका अमेरिकेतून आलेला. तिथले मूळ रहिवासी तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळत आणि घेवड्यासोबत खात. युरोपने दाणा उचलला, चुना तिथेच राहिला. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असते आणि चुन्याने ते मोकळे होते, हे कळायला विसावे शतक उजाडले. एखाद्या लोकांकडून धान्य घेताना त्यांचे स्वयंपाकघरही घ्यावे लागते, ते राहून गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत पेलाग्रा वणव्यासारखा पसरला. कापसाच्या शेतांवरचे कुळवाडी, गिरणी कामगार, अनाथाश्रम, वेड्यांची इस्पितळे. हा जंतुसंसर्ग आहे, घाणीतून पसरतो, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत. १९१४ साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तिकडे पाठवले. हा हंगेरीच्या राज्यातून लहानपणी न्यूयॉर्कला आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला. त्याने आधी फक्त पाहिले. इस्पितळांतल्या रुग्णांना पेलाग्रा होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. संसर्ग माणसे निवडून लागत नाही. फरक होता तो जेवणात.

जॅक्सन गावच्या दोन अनाथाश्रमांत त्याने मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस, कडधान्ये वाढवली. रोग जवळजवळ नाहीसा झाला. मग त्याने उलटी परीक्षा घेतली. १९१५ साली मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतीवरचे बारा कैदी, शिक्षामाफीच्या बोलीवर, फक्त मक्याचे पीठ, मैदा, भात, साखर, काकवी, रताळी आणि थोडी पालेभाजी यांवर राहिले. पोट भरत होते, कोणी उपाशी नव्हते. ऑक्टोबर संपेपर्यंत उरलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या त्वचेवर पेलाग्राच्या खुणा उमटल्या. माणसांवर असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. पण पोट भरणे आणि शरीर पोसणे या दोन गोष्टी आहेत, हे त्याइतके स्वच्छ दुसऱ्या कशाने दाखवले असेल असे वाटत नाही.

विरोधकांचे समाधान झालेच नाही. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्याची पत्नी मेरी आणि काही सहकारी यांनी रोग्यांचे रक्त टोचून घेतले. पुरुष मंडळींनी रोग्यांचे त्वचेचे पापुद्रे आणि मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत घालून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. (हे वाचताना आजीचे वेगळे ठेवलेले ताट आठवले. जेवण थांबवून उठलो होतो.)

माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे काम मात्र कमी गाजलेले आहे. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला सोबत घेऊन त्याने दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणी-वस्त्यांमध्ये घरोघरी मिळकत आणि आहार यांची मोजदाद केली. मिळकत कमी तिथे पेलाग्रा जास्त, घरात दूध आणि ताजे मांस येते तिथे कमी. आणि एक गोष्ट अशी की प्रौढ स्त्रियांमध्ये रोगाचे प्रमाण प्रौढ पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. घर एक, चूल एक, तरीही. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना दारिद्र्याचा हा उच्चार म्हणजे बदनामी वाटली. गोल्डबर्गर १९२९च्या जानेवारीत वारला. १९३७ साली एल्व्हेजेम याने नेमका घटक, निकोटिनिक आम्ल म्हणजेच नायसिन, दाखवून दिला. त्याने रोगी काही दिवसांत सुधारू लागत.

आता प्रश्न असा, की हे सगळे मक्याचे. आमच्या घरात मका खात नव्हते. इथे हैदराबादची गोष्ट येते. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया हे तिथल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले. ही प्रयोगशाळा कुन्नूरहून १९५०च्या दशकाअखेर हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. हैदराबादच्या इस्पितळांतले पेलाग्राचे रोगी बहुतेक ज्वारी खाणारे आहेत, हे त्यांना दिसले. आपले शरीर ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासूनही नायसिन बनवते, साधारण ६० मिलिग्रॅममधून १ मिलिग्रॅम. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असते. ज्वारीत ते तितके कमी नाही. मग रोग का? १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडले की ज्वारीत ल्युसिन हा दुसरा घटक प्रमाणाबाहेर असतो, आणि तो या घडणीत खोडा घालतो. पुढच्या सगळ्याच संशोधकांना तसे आढळले नाही. ब-६ जीवनसत्त्वाचाही यात हात असावा असे निघाले, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. पण रोगी ज्वारीवर जगणारे होते, याबद्दल वाद नव्हता. तेलंगण आणि मराठवाडा १९५६पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. सरहद्द कागदावर बदलली, ज्वारीचा पट्टा तोच राहिला.

इथे एक खुलासा करायला हवा, नाही तर वाचक माझ्यावर रागावतील. २०२३ साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून भाकरीला बरे दिवस आले आहेत. ज्वारीने त्वचा उजळते असे लिहिणारी सदरेही मी वाचतो. शहरातल्या ताटात भाकरीशेजारी वरण, उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी असते. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर. अशा ताटातली भाकरी उत्तमच. आमच्या जुन्या शेतीतही ज्वारीच्या तासांमध्ये तूर आणि मूग असत, आणि गरिबाच्या घरीही पिठले-ताक असे. भाकरीने कोणाचे वाईट केलेले नाही. प्रश्न आहे भाकरी, मिरची आणि मीठ, एवढ्यावरच वर्षानुवर्षे काढणाऱ्यांचा.

आणि आमच्या घरी तसे काढणारी एकच होती. घरात एक म्हैस होती. तिचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचे, पाव-अर्धा शेर मागे ठेवत तो मुलांसाठी. म्हणजे माझ्यासाठी. पंगत लागे ती आधी पुरुषांची आणि पोरांची, मग आई-चुलतीची. आजी सर्वांत शेवटी, ताट वेगळे म्हणून चुलीमागे. तोवर वरणाचे पातेले खरवडलेले असे. ती भाकरी मिरचीच्या खर्ड्याशी खायची आणि वर पाणी प्यायची. ‘मला वरण सोसत नाही’ असे ती म्हणे, आणि आम्ही ते खरे मानले. म्हणजे आधी हातांमुळे ताट वेगळे झाले, की मागे जेवण्यामुळे हात तसे झाले? मला वाटते आधी मागे जेवणेच. बाकीचे त्यातून फिरत राहिले. तिला पेलाग्राच होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तपासणी झाली नाही, कागद नाही. लक्षणे, ऋतू, उघड्या अंगापुरतेच चट्टे आणि जेवण एवढेच हाताशी आहे.

आणखी एक गोष्ट आहे. एका वर्षी होळीनंतर आत्या तिला लातूरला घेऊन गेली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचे म्हणून आजी आठ दिवसांच्या बोलीने गेली आणि पाय मोडल्यामुळे सहा महिने राहिली. पोळ्यानंतर परत आली तेव्हा हात निवळलेले, नवी कातडी आलेली. झोप लागू लागली होती. घरच्यांनी शहराच्या पाण्याला श्रेय दिले, आईने बोललेल्या नवसाला. त्या दिवाळीला तिने मला उटणे लावले. आयुष्यातले ते एकदाच. दोन वर्षांत हात पुन्हा काळे पडले आणि ताट पुन्हा चुलीमागे गेले. ती १९८३ साली गेली.

आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी मुद्दाम लातूरला जाऊन विचारले, ‘आत्या, तेव्हा तू आजीला औषध काय दिलं होतंस?’

‘औषध कशाचं रे बाबा? पाय मोडलेला तिचा.’

‘मग खायला काय वेगळं?’

‘येगळं काय करनार? आमी खायचो तेच. वरन, भाजी, कधी दूध.’ मग थोडा विचार करून म्हणाली, ‘तिला उठून वाढून घेता येईना ना. म्हनून आमच्या संगंच बसवायची जेवायला.’